खिंडीत दम सोडणारी गाडी

खांदसुरेन रागावली की पाना फेकते, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नेम काही खास नाही, पण हात जड. त्यामुळे माणसं तिच्या गाडीपासून चार पावलं लांब उभी राहून शहाणपण शिकवतात आणि पाना उचलला की मागं सरतात. त्या हिवाळ्यात माणसं फारच शिकवायला लागली होती आणि बाईच्या पेटीतले पाने बर्फात हरवत चालले होते.

गाडी म्हणजे फुर्गोन. रशियन बनावटीची जुनी व्हॅन, उंच चाकांची, पावासारखी फुगीर. रंग मूळचा राखाडी असावा असा अंदाज. तिचं इंजिन बाहेर नसतं, आतच असतं, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधे पत्र्याच्या खोक्याखाली. खांदसुरेननं त्या खोक्यावर लोकरीचा जाड नमदा शिवून घातला होता. थंडीत ती जागा चुलीसारखी ऊबदार, म्हणून पुढं बसायला भांडणं व्हायची. पण गाडी बिघडली की खोकं उचलावं लागायचं, आणि मग मागच्या सगळ्या सवाऱ्यांची डोकी एकदम इंजिनावर यायची. प्रत्येकाच्या तोंडाला लसणाचा, तंबाखूचा नाहीतर मटणाचा वास, आणि प्रत्येकाला इंजिन कळतं.

तिचा बाप सहकारी कळपाचा ट्रक चालवायचा. बाकीच्या पोरी टापांवरून कुणाचा घोडा आला ते ओळखायच्या. ही आवाजावरून कुठला सिलिंडर मार खातोय ते सांगायची. बापाला त्याचं कौतुक नव्हतं. "आधी शेण गोळा कर," एवढंच म्हणायचा. पुढं सरकार बदललं, कळप मोडला आणि जे काही होतं ते घराघरांत वाटायला काढलं. खांदसुरेन तेव्हा सोद्नोमच्या घरात नवी नवरी. सोद्नोमला घोड्यांचं वेड. त्यानं कुठल्या घोड्या मागायच्या तेसुद्धा मनात धरून ठेवलं होतं, एकेकीच्या रंगासकट. वाटपाच्या बैठकीत त्याचं नाव पुकारलं आणि तो घसा साफ करीपर्यंत बायको म्हणाली, "आमाला गाडी." बैठक हसली. सोद्नोम हसला नाही. तो त्या दिवशी जो गप्प बसला तो बसलाच.

पुढं एका हिवाळ्यात मुलखातली जनावरं उभ्या उभ्या गोठून मेली. ज्यांनी घोड्या घेतल्या होत्या त्यांच्याकडं नुसती कातडी उरली, आणि खांदसुरेन फुर्गोनमधून गवत वाहून पैसे मिळवत होती. हे ती सोद्नोमला वर्षातून दोनतीनदा ऐकवायची. तो ऐकून घ्यायचा आणि बाहेर जाऊन दुसऱ्यांच्या घोड्या बघत उभा राहायचा.

अशी ही गाडी त्या साली थंडी पडल्यापासून उलान खिंडीत दम सोडायला लागली.

घरून निघताना काही नाही. मैदानात पळायची. खिंडीचा चढ लागला की अर्ध्यात मिसिंग मारायला लागायची. पिकअप मरायचा, गिअर खाली टाकला तरी ओढायची नाही. स्लोवर उभी केली की आचके देऊन बंद. मग खाली उतरायचं, खोकं उघडायचं, डोकी आत, आणि शहाणपण. तासाभरानं पुढून हँडल मारलं की चालू. उतारावर कुत्र्यासारखी पळायची.

खरा राग त्या तासाभराचा होता. कारण त्या वेळात कुणी ना कुणी कशाला तरी हात लावायचाच. पहिल्यांदा लुवसाननं कार्बुरेटरची जेट फुंकली. गाडी चालू झाली. झालं, लुवसाननं गाडी दुरुस्त केली. पुढच्या खेपेला बंद पडली तेव्हा लुवसान नव्हता, पुंत्साग होता. त्यानं प्लग पुसले. गाडी चालू झाली. मग पुंत्साग जिल्ह्याच्या गावापर्यंत सांगत राहिला की बायकांना प्लग कळत नाहीत. तिसऱ्यांदा एका लामानं नुसता हात ठेवला. तरी चालू झाली.

"आता कुणाचं ऐकू?" खांदसुरेन म्हणायची. "जेट म्हणतोस, जेट नवी घातली. प्लग म्हणतोस, प्लग नवे. पॉइंट घासले, फिल्टर बदलला, नळी बदलली. लामाला काय टपावर बांधून फिरू?"

पेट्रोल खेचणारा पंप तिनं दोनदा उघडला. दुसऱ्यांदा त्यातला रबरी पडदा नवा टाकला, आणि तरी गाडी थांबली तेव्हा बाजारात जाऊन तोच पडदा दुकानदाराच्या चहात टाकून आली. पेट्रोलवालीला गिऱ्हाइकांसमोर पाणी मिसळणारी म्हणाली. ती बाईही काही कमी नव्हती. दोघींत जे झालं त्यात तिसऱ्या कुणी तोंड घातलं नाही.

सोद्नोम मात्र त्या हिवाळ्यात बोलायला लागला. खिंडीपलीकडं दोर्लिग नावाचा कळपवाला राहायचा. त्याला जुनी गाडी पाहिजे होती. इंजिन काढून विहिरीवर बसवीन म्हणाला, आणि डबा गोठ्याला. बदल्यात घोड्या. ही बोलणी खांदसुरेनच्याच गेरमधे, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, तिनंच केलेला खारा चहा पीत चालली होती.

"डब्यात काय करनार?" तिनं विचारलं.

"कोकरं बांधीन की, वहिनी," दोर्लिग म्हणाला. "वारा लागत न्हाई आत."

सोद्नोम म्हणाला, "आनखी एकदा खिंडीत थांबली तर दिली समज. नायतरी रोज तमाशाच हाय."

"थांबली तर घिऊन जा," खांदसुरेन दोर्लिगला म्हणाली. "कोकरं बांध, न्हाईतर तुझ्या सासूला बांध. पन थांबली तर. न्हाई थांबली तर पुन्यांदा हितं गाडीचं नाव काढायचं न्हाई."

राग भरात होता, तोंडातून निघून गेलं. दोर्लिगनं तपकिरीची कुपी काढून पुढं केली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, हुंगली, परत दिली. म्हणजे शब्द झाला. नवऱ्याचाही आणि तिचाही.

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला थोडेच दिवस राहिले होते. जिल्ह्याच्या गावाहून येताना गाडी सवाऱ्यांनी आणि सणाच्या सामानानं ठासून भरलेली. पुंत्साग पुढं, ऊबेला. त्याच्या मागं त्सेवेल, शिवणकाम करणारी जाडजूड बाई, मांडीवर मिठाईचा डबा धरून. खांदसुरेन गाडी अशी चालवत होती जसं कुणी तापलेलं भांडं हातात धरून चालतं. खिंडीच्या चढाला लागली. अर्ध्यापर्यंत गेली. मग इंजिन एकदा खोकलं, आणि पुंत्साग म्हणाला, "आलं बघा."

"गप बस."

गाडी आचके देत थांबली. शब्दाचं सगळ्यांना माहीत होतं. वारा पत्र्यावर बर्फाचे कण फेकत होता. खिंडीत फोनला रेंज येते, म्हणून पुंत्सागनं आधी फोन काढला.

"सोद्नोमदादा, थांबली बरं का. व्हय, हितंच. न्हाई, मी बघतो ना."

खांदसुरेननं खोकं उचललं. डोकी आली. पुंत्सागनं तिच्या पेटीतली हातोडी घेऊन पंपाला दोन ठोके घातले, मग नाक वर करून हुंगलं.

"अक्का, पेट्रोल संपलं असंल. काटा तर बंद हाय तुझा. बाईमानूस भरायला इसरतं कवाकवा."

असं बघायला गेलं तर पुंत्साग वाईट माणूस नव्हता. पण त्या क्षणी खांदसुरेनला पाना पुरेसा वाटला नाही. तिनं त्याच्या डेलची, लांब अंगरख्याची, बाही मुठीत धरली आणि त्याला दारातून बाहेर ओढला. गाडीच्या कुशीला टाकीचं झाकण असतं, तिथं नेऊन उभा केला.

"घाल नाक. टाकी तुडुंब हाय का न्हाई ते बघ, न्हाईतर आत बुडवते तुला."

झाकण फिरेना. त्याच्यावर काळी, दगडासारखी खपली धरली होती. तिनं पान्यानं दणके घातले, दोन्ही हातांनी पिळलं. झाकण सुटलं आणि टाकीनं श्वास घेतला.

आत ओढलेला, लांबलचक, तहानलेली गाय बादलीतलं पाणी ओढते तसा. पुंत्सागसुद्धा मागं सरला.

"काय हाय आत?"

"गप," ती म्हणाली. या वेळी हळू.

तिनं झाकण उलटं करून पाहिलं. प्रत्येक टाकीच्या झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल जसं खाली जाईल तशी त्यातून वरून हवा यायला पाहिजे. भोक बुजलं की टाकी आतून आवळत जाते. पंप ओढतो, ओढतो आणि पेट्रोल येत नाही. थांबून राहिलं की कुठून तरी फटीतून हवा मुरते आणि गाडी चालू होते. मग त्या वेळात जेट फुंका, प्लग पुसा, हात ठेवा, सगळं सारखंच. हे तिला बापाच्या ट्रकपासून माहीत होतं. पण झाकणाकडं बघायची वेळच आली नव्हती. पेट्रोल भरताना झाकण उघडायचं ते तिथलं माणूस, आणि रांगेत उभं राहीपर्यंत टाकी पुन्हा मोकळी झालेली असायची.

तिनं झाकण घट्ट लावलं. हँडल मारलं. इंजिन लागलं.

"माज्या ठोक्यानं," पुंत्साग म्हणाला.

"बस गाडीत."

खिंड पार झाली. माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी तिनं रीतीप्रमाणं तीनदा हॉर्न दिला आणि खाली न उतरता गाडी वळवून पुन्हा चढाच्या बाजूला घातली. सवाऱ्या ओरडायला लागल्या. त्सेवेल म्हणाली, "अगं बाई, घर तिकडं हाय."

"मला ठाव हाय घर कुठं हाय."

झाकण घट्ट ठेवून ती खाली गेली, वर आली. पुन्हा खाली. तिसऱ्या चढाला इंजिन खोकलं. ते बंद पडायच्या आत ती उतरली आणि झाकण उघडलं. टाकीनं श्वास घेतला. आत इंजिन क्षणात सुधारलं आणि एका लयीत चालायला लागलं. तिनं दारातून आत डोकं घातलं.

"पुंत्साग, आता कुणी ठोके घातले?"

पुंत्साग खिडकीतून डोंगर बघत होता.

मग तिनं त्सेवेलकडून सुई मागून घेतली आणि चाकूनं खपली खरवडायला लागली. वरचा थर काळा, खालचा पिवळा. अंगठ्याच्या उबेनं वितळला तसा वास आला. लोणी. घरचं.

गाडीत सगळ्यांना वास आला आणि सगळ्यांना कळलं. त्सेवेलनं तोंडावर पदर घ्यावा तशी बाही घेतली.

शरद ऋतूत एकदा फिल्टर तुंबून गाडी थांबली होती. त्याच आठवड्यात दोर्लिग गाडीच्या कौतुकाचं फार बोलून गेला होता, केवढी टिकली, केवढी पळते. सोद्नोमच्या आईनं, नोर्जिन म्हातारीनं, तेव्हाच ठरवलं की गाडीला त्याच्या तोंडाची दृष्ट लागली. निघताना दूध तर सगळेच शिंपडतात. म्हातारीनं वर लोणी सुरू केलं. नव्या शिंगराला लावतात तसं, पण गाडीला कपाळ कुठलं, म्हणून जिथून ती पिते तिथं. गाडी थांबायला लागली तशी म्हातारी जास्त लावायला लागली. जास्त लावलं तशी गाडी जास्त थांबायला लागली. वर थंडीनं ते दगड होत गेलं.

खांदसुरेननं ते लोण्याचं ढेकूळ फडक्यात बांधलं. उरलेल्या वाटेत पाना कुणावर फेकायचा हेच तिला कळत नव्हतं, आणि असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

घरी सोद्नोम घोड्याच्या केसांचं नवं दावं वळत बसला होता. चेहरा उजळलेला. म्हातारी उत्तरेच्या बाजूला, हातात जपमाळ.

"थांबली म्हनं," सोद्नोम म्हणाला.

"थांबली."

"मंग झालं की."

तिनं फडकं त्याच्यासमोर आपटलं आणि सोडलं. "हे तुझ्या घोड्यांचं मोल. टाकीच्या झाकनात बसलेलं. तुझ्या आईनं."

सोद्नोम लोण्याकडं बघत राहिला. जपमाळ थांबली.

"माझं लोनी हाय ते," नोर्जिन म्हणाली.

"तुमचंच, आत्या. गाडीचा शास कोंडला त्यानं. चार म्हैनं मी गाडी सोलून काढली. बाजारात भांडले, पेट्रोलवालीशी भांडले. त्या पुंत्सागनं मला प्लग शिकवले. पुंत्सागनं."

म्हातारी जराशी सावरून बसली. खांदसुरेनला वाटलं आता ही रडेल, आणि त्याचाही राग आधीच येऊन बसला. पण म्हातारीचा आवाज चढला.

"शास घेती? तिथनं? पिती तिथनंच शास घेती? हे मला सांगितलं कुनी? ड्रायव्हर तू का मी? मी लावत हुते तवा तू माज्या म्होरं हुबी हुतीस. रोज. बघत हुतीस. शिंगराच्या नाकात लोनी कोंबताना बघितलं असतंस तर वरडली असतीस का न्हाई?"

खरं होतं. ती बघत होती. म्हातारीच्या देवाधर्मात आपण नको म्हणून दरवेळी आरसा पुसत, इंजिन गरम करत उभी होती.

"शब्द शब्द हाय," सोद्नोम मधेच म्हणाला. "थांबली तर द्यायची. का थांबली असं बोलनं न्हवतं झालं. तपकिरीची कुपी तू घेतलीस, तुझ्या हातानं."

"गाडी आजारी हाय म्हनून घेतली."

"ते तुझ्या मनात. तोंडानं न्हाई बोललीस." त्यानं दावं बाजूला ठेवलं. "वाटपाच्या दिवशी बी तू बोलून मोकळी झालीस. मी अजून घसा खाकरतोय. माज्या मनात काय हुतं ते कुनी इचारलं न्हाई. आज तुझ्या मनातलं मी का इचारू?"

एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता. खांदसुरेनला गोठलेल्या कळपांची गोष्ट आठवली, जिभेवरही आली, पण ती तिथं लागू पडेना. तिला त्याचाही राग आला.

"सकाळी जायाचं," ती म्हणाली. "दोर्लिगकडं. दोघांनी. शब्द दोघांचा हाय, मोडायला दोघं जानार. गाडीतनं. खिंडीवरनं. थांबली तर तिथंच त्याला फोन कर, किल्ली घ्यायला ये म्हनून सांग."

म्हातारी जपमाळ ओढत म्हणाली, "माझ्याकडनं त्याला सांगा, चूक लोन्याची हुती. लोनी माझं हाय. गाडीचा काय गुन्हा."

सकाळी म्हातारीनं दूध शिंपडलं, चाकांवर आणि वाटेवर. झाकणाकडं गेलीच नाही. उलट हात मागं बांधून लांबून वळसा घेतला. खांदसुरेननं हे बघितलं आणि हँडल मारलं.

सोद्नोम शेजारी बसला. खिंडीचा चढ आला. इंजिनाचा आवाज त्यांच्या दोघांच्या मधून येत होता, नमद्याखालून, आणि दोघंही त्याच्याकडं कान देऊन पुढं बघत होते. अर्धा चढ गेला. जिथं गाडी थांबायची ते वळण गेलं. सोद्नोमनं दाढी खाजवली. माथ्यावर तिनं हॉर्न दिला आणि ब्रेकवर पाय न ठेवता खाली उतरली.

दोर्लिगच्या गेरसमोर तिनं गाडी स्लोवर उभी केली. इंजिन बंद केलं नाही.

"जा. आधी तू बोल," ती म्हणाली. "शब्द पयला तू काढलास."

सोद्नोम आत गेला. बराच वेळ झाला. आतून हसण्याचा आवाज आला. दोर्लिगची बायको वाटीत चहा घेऊन बाहेर आली. खांदसुरेननं खिडकीतूनच उजव्या हातानं घेतला आणि वाटी खोक्यावर ठेवली. वाटीतला चहा एकसारखा थरथरत होता, सांडत नव्हता.

सोद्नोम परत आला तेव्हा त्याचे कान लाल होते. दार न उघडता बाहेरच उभा राहिला.

"तो इचारतोय, तुझी बायकू गाडी बंद का करत न्हाई. परत चालू व्हायची न्हाई असं भ्या वाटतं का म्हनं. मंग शब्द मोडायला कशाला आली."

खांदसुरेननं किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. अंगणातली कुत्री तेवढ्यात गप्प झाली.

ती उतरली, आत गेली, पाहुणीच्या जागेवर बसली. दोर्लिगनं तपकिरीची कुपी पुढं केली, ती तिनं घेतली, हुंगली आणि परत देताना म्हणाली, "शब्द आमी मोडतोय, दोर्लिग. गाडी थांबली हुती. माझ्या सासूनं लोन्यानं तिचं नाक बुजवलं हुतं. मला ते दिसलं न्हाई. हसायचं ते हसून घे."

दोर्लिग हसला. पोट धरून हसला, त्याची बायकोही हसली. खांदसुरेन बसून राहिली. चहा दिला तो प्यायली. दुसरा मागितला, तोही प्यायली. उकडलेलं मटण पुढं आलं, तिनं चाकू काढून हाड स्वच्छ होईपर्यंत खाल्लं. बाहेर डोळ्यांतलं पाणी गोठेल अशी थंडी होती आणि तिला इंजिन पुरतं गार व्हायला पाहिजे होतं. सोद्नोम दोनदा उठला, दोनदा तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तो बसला. दोर्लिगचं हसणं कधीच संपलं होतं. आता तो नुसता वाट बघत होता.

मग ती उठली. सगळं घर मागोमाग बाहेर आलं. दोर्लिग दोन्ही हात बाहीत घालून दारात उभा राहिला, कोकरांचा डबा बघत असावा तसा.

खांदसुरेननं हँडल लावलं, पाय रोवले, दात आवळले. पहिल्या झटक्याला इंजिन नुसतं कण्हलं. दोर्लिगची मान हलली. दुसऱ्याला धरलं, भरडं बोललं, मग सावरलं आणि एका लयीत चालायला लागलं.

तिनं हँडल काढून सीटखाली टाकलं. दोर्लिगकडं बघितलंही नाही.

"बस," ती नवऱ्याला म्हणाली.